ब्रेकवरचा पाय

टेपकाकांच्या गाडीचा ब्रेक त्या आठवड्यात इतका मऊ झाला, की पेडलवर पाय ठेवला तर तो तळ फोडून थेट रस्त्याला टेकेल अशी धास्ती वाटायची. एकदा तर त्यांनी सिग्नलला ब्रेक दाबायला सुरुवात केली आणि गाडी पुढच्या सिग्नलला थांबली. मधल्या मधे रस्ता ओलांडणाऱ्या लोकांना काका हात हलवत गेले, तेव्हा लोकांना वाटलं, म्हातारा मोठा प्रेमळ आहे.

टेपकाका म्हणजे शिंपी. गळ्यात कायम टेप, तो फक्त आंघोळीला जाताना उतरायचा, आणि गल्लीतल्या काहींच्या मते तेव्हाही नाही. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. नवं शिवणं आता बंद झालं होतं. लोक तयार कपडे आणत आणि काकांकडे येऊन ते आपल्या पोटाला पटवून घेत. कुणाची चेन, कुणाची कंबर, कुणाच्या बाह्या. एवढ्यावर दिवस निघून जायचा. संध्याकाळ निघायची नाही.

गाडी नवी होती तेव्हा त्यांनी ती एकदाच कंपनीच्या सर्व्हिस सेंटरात नेली होती. बिल हातात आल्यावर काकांनी चष्मा पुसला, पुन्हा वाचलं आणि ते काकूंकडे दिलं. काकू म्हणाल्या, "अहो, एवढ्या पैशांत ते आपलीच गाडी परत देणारेत, की दुसरी?"

त्या दिवसापासून गाडीला परक्याचा हात लागला नाही. ऑइल काकांनी बदललं, प्लग काकांनी बदलले, सायलेन्सरला भोक पडलं ते काकांनी बुजवलं. एकदा भर रस्त्यात इंजिनाचा पट्टा तुटला, तर पॅन्टच्या कमरेचं इलॅस्टिक काढून त्यावर गाडी घरापर्यंत आणली, असं ते सांगत. ऐकणाऱ्याने भुवई वर केली, की इलॅस्टिक किती बोटं रुंद होतं तेही सांगत. पॅन्ट घरापर्यंत कशी आणली, ते मात्र आजवर कुणी विचारलं नाही.

वाचलेला पैसा काकू वेगळा ठेवत, आणि त्यातून घेतलेल्या वस्तूला गाडीचं नाव देत. हा पंखा गाडीने दिला. हे कपाट गाडीने दिलं. मुलीचं कॉलेजसुद्धा निम्मं गाडीनेच केलं. पाहुण्यांना वाटायचं, हे लोक टॅक्सी चालवतात.

ब्रेकचं काम मात्र एकट्याचं नव्हे. नळ्यांत शिरलेली हवा काढायची, तर एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं आणि दुसऱ्याने चाकापाशी आडवं पडून तिथला हवा सोडायचा छोटा स्क्रू सैल करायचा. जुनं तेल आणि बुडबुडे बाहेर येतात. स्क्रू पुन्हा आवळला, की मगच वरच्याने पाय उचलायचा. आधी उचलला तर बाहेर गेलेली हवा दुपटीने परत आत.

तर आत काकू असायच्या.

"दाब."

"दाबलं."

"धर हं."

"धरलंय. अहो, पण तो मुलगा उंचीला जरा कमीच नाही का वाटला तुम्हाला?"

"सोड. वाटला. पण माणूस बरा आहे. दाब."

गाडीत काकू, गाडीखाली काका आणि मधे पत्रा. समोरासमोर बसून ह्या दोघांना जे बोलणं आयुष्यात जमलं नाही, ते सगळं त्या पत्र्यातून झालं. मुलीचं लग्न तिथं ठरलं. भावाशी बोलणं पुन्हा सुरू करायचं तिथं ठरलं. डॉक्टरांनी काकूंना काय सांगितलं, तेही काकांना चाकाखालीच कळलं. त्या वेळी स्क्रू आवळायला त्यांना जरा जास्त वेळ लागला होता आणि काकूंनी पेडल तेवढा वेळ धरून ठेवलं होतं.

काकू गेल्याला आता वर्ष उलटून गेलं होतं.

मुलगी लांब राहायची. दर रविवारी सकाळी फोन यायचा. जेवण, तब्येत, हवा हे पहिल्या मिनिटात आटपायचं. मग आईचा विषय दोघांच्याही तोंडाशी यायचा, दोघंही तो गिळायचे आणि गाडीचा विषय निघायचा. गाडी निघाली, की फोन तासभर चालायचा.

"बाबा, ह्या वयात जमिनीवर काय लोळता?"

"लोळत नाही. काम करतो."

"कंपनीत द्या ना. त्यांचं कामच आहे ते."

"त्यांचं काम बिल करणं. गाडी मधे येते म्हणून तिलाही हात लावतात."

असं चालायचं. मुलगी चिडायची, काका तिला आणखी चिडवायचे, मागून जावई "अगं, जाऊ दे ना" म्हणायचा, आणि फोन ठेवला की काकांना जेवण जायचं.

पण त्या रविवारी बोलता बोलता ब्रेकचं त्यांच्या तोंडून निसटलं. मुलगी एकदम गप्प झाली. मुलगी चिडली तर काकांना काळजी नसायची, गप्प झाली तर असायची.

"बाबा, हे मी हसण्यावारी नेणार नाही. पुढच्या रविवारपर्यंत गाडी नीट झालेली हवी. नाहीतर मी येते आणि विकून टाकते. आणि तुम्हाला इकडे घेऊन येते. तुमची मशीनपण राहू दे तिकडेच."

"झालीच समज," काका म्हणाले.

फोन ठेवून ते गाडीपाशी गेले, पान्हे काढले, चाकं काढली, स्क्रूला नळी लावली, नळीखाली बाटली ठेवली आणि खाली आडवे होऊन म्हणाले, "दाब."

मग तसेच थोडा वेळ पडून राहिले. खालून गाडी फार मोठी दिसते.

दुसऱ्या दिवशी ते स्पेअर पार्टच्या दुकानात गेले. दुकानदार जुना ओळखीचा. म्हणाला, "काका, आता एक नळी मिळते, आत झडप असते तिच्या. दुसरं माणूसच लागत नाही. खास एकट्या माणसासाठी आहे." आणि काउंटरवर ठेवली. किंमत फार नव्हती. काकांनी ती हातात घेतली, उलटीपालटी केली, आणि "बघतो" म्हणून परत ठेवली. ब्रेक ऑइलचा डबा तेवढा घेतला.

कुणालातरी बोलवायचं, तर बोलवायचं कुणाला? समोरची नर्स रात्रपाळी करून आलेली असायची, डोळे मिटत मिटत कुलूप उघडायची. वरच्या मजल्यावरच्या हिशेबनिसाचा गुडघा दुखायचा. साखर मागता येते, शिडी मागता येते. पण जरा तासभर पाय द्याल का, हे दारात उभं राहून कसं विचारायचं?

मग काका डोकं चालवायला लागले, आणि इथून पुढचं गल्लीत आजही सांगतात.

आधी त्यांनी लाकडी मीटरपट्टी सीट आणि पेडल यांच्या मधे अडकवली. पट्टी सुटली आणि तिने हॉर्न असा वाजवला, की नर्स झोपेतून उठून इंजेक्शन भरायला लागली. मग जुनी लोखंडी इस्त्री पेडलवर ठेवली. इस्त्री घसरून सीटखाली गेली, ती काढताना काकाच सीटखाली अडकले. शेवटी दुकानातला पुतळा आणला. ब्लाउजांच्या मापाला ठेवलेला, मान आणि कंबर यांच्या मधलाच काय तो. तो सीटवर बसवला, पट्टा लावला, त्याच्या पोटाला मीटरपट्टी टेकवली आणि पट्टीला बांधलेली दोरी चाकापर्यंत आणली. दोरी ओढली की पुतळा पुढे झुकायचा, पट्टी पेडल दाबायची. काका खूश झाले. मग लक्षात आलं, एका हातात दोरी, एका हातात पान्हा, आणि बाटली धरायला हातच उरला नाही. बाटली दातांत धरली. त्या दिवशी ब्रेक ऑइलची चव कळलेला माणूस म्हणून काका आजही गल्लीत एकटेच आहेत.

नर्स खिडकीतून बघत होती.

"काका, पाहुण्या आल्यात का कुणी?"

"हो."

"काही बोलत नाहीत त्या."

"तेच तर," काका चुळा भरत म्हणाले.

हवा होती तेवढीच राहिली. उलट थोडी वाढली.

शुक्रवारी काकांनी सर्व्हिस सेंटरला फोन लावला. गाडी द्यायची म्हणून नाही. त्यांच्या डोक्यात भलतंच होतं. फोनवरच्या मुलीचा आवाज गोड होता आणि तिला सगळं पाठ होतं.

"आमचा ड्रायव्हर घरी येऊन गाडी घेऊन जाईल, सर. त्याचे पैसे नाहीत."

"फुकट येतो?"

"हो, सर."

"त्याचे पाय बरे आहेत ना?"

हे तिला पाठ नव्हतं. "आपल्याला आणखी काही मदत हवी आहे का, सर?"

"नाही, पायच हवे होते," काका म्हणाले, आणि पत्ता देऊन शनिवारची वेळ ठरवली.

शनिवारी सकाळी ड्रायव्हर आला. पन्नाशीचा, शांत, कंपनीची टोपी आणि कंपनीची पॅन्ट. काकांची नजर आधी पॅन्टच्या तळाशी गेली. पॅन्ट लांब होती आणि ड्रायव्हरने ती आत दुमडून स्टेपलर मारला होता.

"हे काय आहे?"

"एकाच मापाच्या देतात, काका. मला लांब होते."

काकांना ते बघवेना. गळ्यातला टेप त्यांच्या नकळत हातात आला. "तू मला तासभर पाय दे. मी तुला पॅन्ट देतो करून."

ड्रायव्हरने चाकं काढून उभ्या केलेल्या गाडीकडे पाहिलं, दोरीकडे पाहिलं, सीटवर पट्टा लावून बसलेल्या पुतळ्याकडे पाहिलं. "ह्या कोण?"

"ह्या आता उतरतील."

असा सौदा झाला. ड्रायव्हरने कुणी कधी न्यायलाच न आलेली एक चौकड्यांची पॅन्ट चढवली, कंपनीची पॅन्ट मशीनवर ठेवली आणि तो आत जाऊन बसला. काका खाली गेले.

"दाब."

"दाबलं."

"धर."

"धरलंय."

आवाज पुरुषाचा होता, तोही ताशीव. पण पत्र्यातून आला, की कुठलाही आवाज जरासा गोल होऊन येतो. बुडबुडे निघाले. एक चाक झालं, दुसरं झालं. तिसऱ्यापाशी काका बोलायला लागले. वरच्या हिशेबनिसाचा गुडघा दुखतोय, असं सांगितलं. मुलगी ये म्हणते, पण तिकडे जाऊन करू काय, असं सांगितलं. ड्रायव्हर "हं" म्हणत होता, जागच्या जागी, बरोबर वेळेला. त्याला बहुतेक घरी बोलणारं कुणीतरी असावं.

शेवटच्या चाकापाशी काका म्हणाले, "सोड गं आता. झालं."

वर थोडं थांबून उत्तर आलं. "सोडलं."

काका बाहेर आले ते हात पुसत, मान खाली घालून. ड्रायव्हर दुसरीकडे बघत होता. "काकू बसायच्या का इथे?"

"हं."

"पाय हलका असणार त्यांचा. पेडलचं रबर अजून नवं आहे."

काकांनी चाकं चढवली, गाडी जॅकवरून उतरवली, आणि आत जाऊन ड्रायव्हरची पॅन्ट घेऊन आले. स्टेपलच्या पिना काढून, खाली कच्चा टाका घातलेली. "घालून बघ. लांबी बरोबर असेल तर पक्की शिलाई मारतो."

ड्रायव्हरने घातली, खाली पाहिलं, मान डोलावली. "छान आहे. चला, तोवर गाडीचीपण चक्कर मारून बघू."

ड्रायव्हर चालवायला बसला, काका शेजारी. "पेडल दगडासारखं कडक लागतंय," ड्रायव्हर म्हणाला. काकांची छाती फुगली. गाडी गल्लीच्या वळणापर्यंत गेली असेल नसेल, तेवढ्यात पुढच्या डाव्या बाजूने कुणीतरी टकटक केल्यासारखा आवाज यायला लागला. मग स्टेअरिंग थरथरलं. ड्रायव्हरने हळूच गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, उतरला आणि चाकापाशी वाकला. काकाही उतरले.

ड्रायव्हरने चाकाचा नट दोन बोटांत धरला आणि फिरवला. नट फिरला. दुसरा फिरवला. तोही फिरला.

"काका, हे हातानेच लावलेत."

"कच्चे लावलेत," काका म्हणाले. "आधी सगळं कच्चं लावायचं. ट्रायल बघायची. नीट बसलं की मग पक्कं."

हे ते अगदी सहज म्हणाले. आयुष्यभर हेच केलं होतं. कोट असो, झबलं असो, पक्की शिलाई ट्रायलच्या आधी मारायची नाही. ज्याने मारली त्याचं कापड वाया गेलं. हात दुसरं काही शिकलेच नव्हते.

ड्रायव्हर उभा राहिला. आवाज चढवला नाही. "काका, कपड्याच्या ट्रायलला माणूस उभा असतो. इथे आपण बसलो होतो."

काकांनी चाकाकडे पाहिलं. मग मागच्या चाकाकडे गेले, तिथला नट फिरवला. मग पलीकडच्या बाजूला गेले. सगळे तसेच. हवा सोडायचा एक स्क्रूही बोटाने हलला आणि ब्रेक ऑइलचा एक थेंब त्यांच्या नखावर आला. म्हणजे ते कडक पेडल आणखी दोनचार वळणांचंच सोबती होतं.

मग त्यांना आठवलं ते असं. प्रत्येक वेळी, चाकं चढवून झाल्यावर, काकू खिडकीची काच खाली करून विचारायच्या, "अहो, पक्कं केलंत?" आणि काका दरवेळी वैतागून म्हणायचे, "करतोय ना." आणि मग करायचे. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, की बायकोला नसती घाई असते. गाडी इतकी वर्षं काकांनी नीट ठेवली, असं गल्ली म्हणायची, मुलगी म्हणायची, खुद्द काकाही म्हणायचे.

ड्रायव्हरने डिकीतून पान्हा काढला होता. "आवळून देऊ? तुमचं कंपनीला सांगतो, गाडी द्यायची नव्हती, ठीक होती म्हणून."

काकांना वाटलं, हो म्हणावं. सौदा पुरा झाला होता, पैसा वाचला होता, उद्या रविवार होता आणि मुलीला खरं सांगता आलं असतं. पण मुलगी आली की ह्याच गाडीत पुढे बसायची, आणि तिचा मुलगा मागे उभा राहायचा, कितीही सांगितलं तरी.

"आवळ," ते म्हणाले. "आणि घेऊन जा. सगळंच बघायला सांग त्यांना. मी काय काय कच्चं ठेवलंय, मला आता सांगता येणार नाही."

ड्रायव्हरने नट आवळले, स्क्रूही आवळला. काकांनी सदऱ्याला कायम टोचलेली सुई काढून तिथंच कडेला फुटपाथवर बसून त्याच्या पॅन्टच्या तळाला हातशिलाई घातली, पॅन्ट त्याच्या अंगावर असतानाच. माणसाच्या घोट्यापाशी बसून पक्का टाका घालायला त्यांना जरा वेळ लागला, कारण सुई डोळ्यांसमोर नीट दिसत नव्हती. ड्रायव्हर स्तब्ध उभा राहिला, ट्रायलला राहतात तसा.

संध्याकाळी गाडी परत आली. धुतलेली, पुसलेली, आत कसलासा फुलांचा फवारा मारलेला. चाकांवर काकांनी खडूने केलेल्या खुणा गेल्या होत्या. ब्रेक उत्तम. बिलात मजुरी सामानापेक्षा जास्त होती. कापडापेक्षा शिलाई महागच असते, हे काकांनी आयुष्यभर गिऱ्हाइकांना समजावून सांगितलं होतं. आज गिऱ्हाईक झाल्यावर त्यांना ते पटेना. तरी त्यांनी पैसे दिले, आणि गाडी दारात लावली. तिच्याखाली जायला आता काही कारण उरलं नव्हतं.

रविवारी फोन आला.

"जेवलात, बाबा?"

"बसायचंय अजून."

"तब्येत?"

"ठीक."

"गाडीचं काय केलंत?" तिचा आवाज आधीच चढायच्या तयारीत होता.

"कंपनीत दिली होती. करून आणली."

"कंपनीत?"

"कंपनीत. सगळं बघून घेतलं. बिल आहे, हवं तर दाखवतो."

मुलगी म्हणाली, "बरं केलंत. खूप बरं केलंत, बाबा." आणि तिला खरंच बरं वाटलं होतं, ते आवाजावरून कळत होतं.

मग दोघंही थांबली. मागून जावयाचा "अगं, जाऊ दे ना" आला नाही, कारण जाऊ द्यायला काही नव्हतं. काकांनी घड्याळाकडे पाहिलं. फोन येऊन पुरती दोन मिनिटंही झाली नसतील. आईचा विषय दोघांच्या मधे येऊन उभा राहिला होता आणि त्याला बाजूला सारायला आज गाडी नव्हती.

"मग?" मुलगी म्हणाली. "ठेवू का, बाबा? तुम्ही जेवून घ्या."

काकांनी समोर पाहिलं. पंखा फिरत होता. कपाट होतं. न्हाणीघराचं दार अर्धं उघडं होतं आणि आत भिंतीवर गिझर होता, गेल्याच वर्षी घेतलेला, ज्याला आजवर काही म्हणजे काही झालेलं नव्हतं.

"ठेव," काका म्हणाले. "मलाही जरा काम आहे. तो गिझर कालपासून आवाज करतोय. म्हटलं, दुपारी उघडून बघावा."

"काय करावा?"

"उघडून बघावा. काय असतं त्यात, एक तार आणि एक टाकी. ते दुरुस्तीवाले नुसते येऊन उभे राहायचे पैसे घेतात."

"बाबा, हात लावायचा नाही त्याला," मुलगी म्हणाली, आणि तिचा आवाज आता पूर्ण चढला होता. "पाणी आणि वीज आहे ते. तुमची पॅन्ट नाही. स्टुलावर चढणार तुम्ही? आणि मला आधी एक सांगा, मेन स्विच कुठला आहे ते तरी माहीत आहे का तुम्हाला?"

"कुठला?" काका म्हणाले, आणि खुर्ची ओढून बसले.